बारावीचा निकाल लागतो, तेव्हा क्लॅट होऊन पाच महिने झालेले असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि घरोघरी पुढच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत एखादी मुलगी सांगते की तिला राष्ट्रीय विधी विद्यापीठात कायदा शिकायचा आहे. मग चौकशी होते आणि कळते की त्या विद्यापीठांची क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होऊन गेली, तिचे अर्ज दिवाळीच्या सुमारास बंद झाले आणि प्रवेशाच्या बहुतेक फेऱ्याही उरकत आल्या. मुलगी हुशार असते, गुणही चांगले असतात, पण वर्ष गेलेले असते. हे दर वर्षी घडते आणि शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांत अधिक घडते. कायद्याच्या प्रवेशांबाबत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे फार वाईट वाटते, कारण हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण अर्धवट माहितीनेच या प्रवेशांत सर्वांत जास्त घोळ होतात.

आधी वेळापत्रक. पूर्वी प्रत्येक विधी विद्यापीठ स्वतंत्र परीक्षा घेई. २००८ पासून सामाईक क्लॅट सुरू झाली. पुष्कळ वर्षे ती मे महिन्यात होत असे, त्यामुळे आजही अनेक पालकांच्या आणि शिक्षकांच्या डोक्यात ‘बारावीनंतरची परीक्षा’ हेच चित्र आहे. डिसेंबर २०२२ पासून ते बदलले. आता जुलैमध्ये अधिसूचना निघते, जुलै-ऑगस्टपासून अर्ज भरता येतात, ऑक्टोबरअखेरच्या आसपास मुदत संपते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला परीक्षा होते. १ डिसेंबर २०२४ आणि ७ डिसेंबर २०२५ या गेल्या दोन परीक्षांच्या तारखा पाहिल्या तर क्रम स्पष्ट दिसतो. ज्या वर्षी बारावीची परीक्षा द्यायची, त्याच्या आधीच्या जुलैत या अर्जाची आठवण झाली पाहिजे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही. त्याची आयलेट ही वेगळी परीक्षा, वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क. ‘क्लॅट भरली म्हणजे दिल्लीही आली’ असे समजून बसणारे दर वर्षी भेटतात.

राज्याची कायद्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएच सीईटी लॉ, मात्र बारावीच्या लेखी परीक्षेनंतर, साधारण एप्रिल-मे महिन्यांत होते. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला सुटतात, म्हणजे मुले प्रात्यक्षिक परीक्षांच्या गडबडीत असतात तेव्हा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस आणि राज्यभरातील इतर महाविद्यालयांतील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश या परीक्षेवरून होतात. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाचीच वेगळी परीक्षा असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली तिन्ही विधी विद्यापीठे महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने स्थापन झाली असली तरी तिथला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश क्लॅटनेच मिळतो. ‘राज्याची विद्यापीठे, म्हणजे राज्याची सीईटी’ हा हिशेब इथे चुकतो.

पात्रतेत फारशी गुंतागुंत नाही. कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि क्लॅटला वयाची वरची अट नाही. क्लॅटला खुल्या गटासाठी बारावीला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ४० टक्के लागतात. राज्याच्या प्रक्रियेत बार कौन्सिलच्या नियमांनुसार खुल्या गटाला ४५, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के अशी पायरी आहे. ४४.९ टक्क्यांना ४५ धरले जाईल या आशेवर कुणी राहू नये.

आता कागदपत्रांकडे वळतो. पत्राचा सर्वांत मोठा भाग यावर खर्ची पडला तरी चालेल, कारण अभ्यासात कमी पडून जितक्या जागा जातात, त्याच्या बरोबरीने दाखल्यांपायी जातात असे आमचे मत झाले आहे.

पहिला दाखला डोमिसाइलचा, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. आपल्या विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. पण क्लॅटच्या अर्जात तसा दावा नोंदवला नसेल, तर गुणवत्ता यादीत नाव त्या रांगेत येतच नाही. पुढे प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र दाखवून उपयोग होत नाही. हा दाखला आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. शाळा सोडल्याचा किंवा बोनाफाइड दाखला, जन्माचा पुरावा, शिधापत्रिका, वीजबिल किंवा घरपट्टीच्या पावत्या असे कागद लागतात. अडचण येते ती वडिलांच्या नोकरीमुळे मध्ये दोन-तीन वर्षे गुजरातेत किंवा कर्नाटकात शिकलेल्या मुलांना आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना. त्यांच्याकडे सलग पुरावा नसतो आणि तो गोळा करायला महिना जातो. दहावीच्या सुट्टीतच हा दाखला काढून ठेवावा. तो एकदा मिळाला की पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, आईचे नाव वेगळे छापलेले असते. आधार कार्डावर क्रम उलटा असतो, कधी वडिलांचे नाव गळलेले असते, कधी ‘वैष्णवी’चे स्पेलिंग दोन्हीकडे वेगवेगळे असते. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे नाव आहे तसेच, त्याच क्रमाने भरावे आणि आधारवरील चूक अर्जाआधी दुरुस्त करून घ्यावी. शिवाय अर्जातला मोबाइल क्रमांक घरात टिकणारा हवा. क्लॅटच्या खात्यात शिरायला तोच क्रमांक लागतो आणि ओटीपी त्यावरच येतो. सायबर कॅफेवाल्याचा किंवा चुलतभावाचा क्रमांक दिला आणि डिसेंबरात तो बंद निघाला की निकालसुद्धा पाहता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत वेळखाऊ विषय जात वैधता प्रमाणपत्राचा. जातीचा दाखला हातात असला की काम झाले असे अनेक घरांत मानले जाते. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशात राखीव जागेसाठी वैधता लागते आणि ती जिल्हा जात पडताळणी समितीकडून, जमातींसाठी त्यांच्या वेगळ्या समितीकडून मिळते. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो, म्हणून अकरावीतच तो दाखल करणे सोपे पडते. समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा. म्हणजे बहुतेक घरांत आजोबा किंवा पणजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल किंवा जुना जमिनीचा कागद शोधावा लागतो. गावच्या प्राथमिक शाळेत जुने रजिस्टर शोधायला, तहसिलातल्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळवायला आणि मोडी लिपीतला कागद असेल तर त्याचे लिप्यंतर करून घ्यायला किती दिवस लागतील हे कुणाच्याच हातात नसते. वडिलांची किंवा वडिलांकडच्या सख्ख्या नातेवाइकाची वैधता असेल तर काम पुष्कळ हलके होते, म्हणून आधी काका-आत्यांकडे चौकशी करावी. पडताळणीची पावती दाखवून प्रवेश घेण्याची आणि वैधता नंतर देण्याची सवलत काही वर्षी मिळाली आहे. ती मिळेलच असे धरून चालू नये.

नॉन-क्रीमीलेअर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला यांत चूक होते ती मुदतीची आणि नमुन्याची. हे दाखले आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. क्लॅटचा अर्ज भरताना ऑक्टोबरात काढलेला दाखला ३१ मार्चला संपला, तर जून-जुलैत राज्याच्या प्रवेश फेरीत तो चालत नाही आणि मुलगा खुल्या गटात ढकलला जातो. दाखल्यावर छापलेली मुदत वाचावी आणि गरज असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच तलाठ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करावी. जूनमध्ये सेतू केंद्रांवर सगळ्याच अभ्यासक्रमांची गर्दी असते. केंद्राचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा, हेही लक्षात ठेवावे. एखादा समाज राज्याच्या यादीत असतो पण केंद्राच्या यादीत नसतो. २०२४ च्या कायद्याने दिलेले मराठा समाजाचे सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षण हे राज्याचे आहे. परराज्यातल्या विधी विद्यापीठात ते लागू होत नाही. क्लॅटमध्ये प्रत्येक विद्यापीठाचे आरक्षण त्याच्या राज्याच्या नियमांप्रमाणे असते, त्यामुळे ज्या विद्यापीठाला पसंती द्यायची त्याच्या जागांचा तक्ता उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

परीक्षेबद्दल मराठी माध्यमाच्या मुलांना जे सांगायला हवे ते सहसा कुणी सांगत नाही. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. इतर भारतीय भाषांतही ती व्हावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. आमचाही त्या मागणीला मनापासून पाठिंबा आहे, पण आज अकरावीत असलेल्या मुलाने निकालाची वाट पाहत बसू नये. २०२४ च्या प्रवेशापासून पेपर १२० प्रश्नांचा आणि १२० मिनिटांचा आहे. चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क यांचे प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न, इंग्रजी आणि तर्कशास्त्राचे प्रत्येकी २२ ते २६, गणिताचे १० ते १४. जवळजवळ सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि एक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत जातो. गणिताचे छोटे उतारे सोडले तरी आठ-नऊ हजार शब्द वाचावे लागतात, प्रश्न आणि पर्याय वेगळेच. दोन तासांत हे वाचून उत्तरे द्यायची म्हणजे कस लागतो तो वाचनाच्या वेगाचा. इंग्रजी व्याकरणाची पुस्तके पाठ करून हा वेग येत नाही. इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख रोज घड्याळ लावून वाचावा आणि नंतर मराठीत तीन ओळी लिहाव्यात: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि कोणती गोष्ट न सांगता गृहीत धरतो. तिसरी ओळ जमू लागली की तर्कशास्त्राचा निम्मा विभाग हाती आला. विचार मराठीत केल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते प्रत्येक वाक्याचे मनात भाषांतर करत वाचल्याने, आणि ती सवय वर्षभराच्या वाचनानेच सुटते.

कायदेविषयक तर्काच्या विभागाला मुले घाबरतात किंवा उलट कायद्याची कलमे पाठ करत बसतात. दोन्हीची गरज नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो दिलेल्या घटनेला लावायचा असतो. समजा नियम असा दिला आहे की दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणे म्हणजे अतिक्रमण, हेतू कोणताही असो. घटनेत एक शेतकरी आपला सुटलेला बैल आणायला शेजाऱ्याच्या उसात शिरतो. गावातली मुले चटकन म्हणतात, यात अतिक्रमण कसले, बैल आणायला तर गेला. त्यांच्या न्यायबुद्धीत खोट नाही, पण गुण जातो, कारण दिलेल्या नियमाने हेतूला जागाच ठेवलेली नाही. त्याच उताऱ्यात पुढे ‘तातडीचे नुकसान टाळण्यासाठी केलेला प्रवेश वगळून’ असा अर्धा शब्दप्रयोग आला, तर उत्तर बदलते. असा अपवाद बहुधा उताऱ्याच्या शेवटच्या परिच्छेदात लपलेला असतो आणि घाईत तोच वाचायचा राहतो. दोन उमेदवारांचे गुण सारखे झाले तर आधी याच विभागातले गुण पाहतात, म्हणून इथला एकेक प्रश्न दुहेरी मोलाचा.

चालू घडामोडींत मात्र वेगळा डाव खेळावा. तिथे उतारा असला तरी अनेक प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात नसतात, विषयाची माहिती असावी लागते. म्हणून आधी प्रश्न पाहावेत, उतारा लागेल तेवढाच चाळावा आणि त्यातून उरलेली मिनिटे तर्काच्या विभागाला द्यावीत. कला शाखेची मुले गणिताचा विभाग सोडून देतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा एवढेच दहावीपर्यंतचे गणित त्यात असते आणि दहा-बारा गुणांनी यादीतले स्थान शेकड्यांनी खालीवर होते.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून ‘खात्री नसेल तर सोडून दे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहावा. चार पर्यायांच्या सोळा प्रश्नांत नुसता अंदाज केला तर सरासरी चार बरोबर येतात आणि बारा चुकतात. चार गुण मिळाले, तीन गेले, एक उरला. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले आणि उरलेल्या तिघांतून निवडले, तर बारा प्रश्नांत चार मिळतात, दोन जातात, दोन उरतात. त्यामुळे उतारा वाचून झालेला असेल आणि एक पर्याय जरी कटला असेल, तर उत्तर द्यावे. न वाचलेल्या उताऱ्यावर मात्र वेळ घालवू नये. उत्तरपत्रिका ओएमआर असते, पेनाने रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही. शेवटी एकदम रंगवू म्हणणाऱ्यांची दहा मिनिटे त्यातच जातात आणि एक प्रश्न सोडलेला असला की पुढची सगळी वर्तुळे एका घराने सरकतात. प्रत्येक उतारा संपला की त्याची वर्तुळे रंगवून पुढे जावे.

एमएच सीईटी लॉ हा वेगळा पेपर आहे. परीक्षा संगणकावर होते, चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण टाकून देणे. २०२५ पासून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीही १२० प्रश्न झाले: कायदेविषयक ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४, गणित ८. आधीच्या १५० प्रश्नांच्या नमुन्यावरच्या सराव पुस्तिका बाजारात अजून मिळतात, त्या वेळेचा अंदाज बिघडवतात. जुन्या पुस्तकांचा आणखी एक धोका मोठा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते ते आता १०३ आहे, फसवणुकीचे सर्वांच्या तोंडी असलेले ४२० आता ३१८ मध्ये गेले. रद्दीतून घेतलेल्या पुस्तकावरून कलमे पाठ केली तर मेहनत करून गुण जातात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हा तिचा मोठा आधार आहे. मात्र मराठी पारिभाषिक शब्द घरात कुणी बोलत नाही. प्रतिफल म्हणजे कन्सिडरेशन, अपकृत्य म्हणजे टॉर्ट, दखलपात्र म्हणजे कॉग्निझेबल, अशी दोन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवली तर परीक्षेत शब्दाशी अडत नाही आणि पुढे न्यायालयातही ती वही कामी येते.

निकालानंतरचा टप्पा पालकांनी सांभाळायचा असतो. क्लॅटची तात्पुरती उत्तरसूची परीक्षेनंतर काही दिवसांतच लागते आणि हरकत घ्यायला फार थोडा वेळ, कधी जेमतेम एक दिवस मिळतो. प्रत्येक हरकतीला एक हजार रुपये. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतल्या चुकीच्या प्रश्नांवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ पर्यंत प्रवेश लांबले. म्हणजे उत्तरसूची डोळ्यांखालून घालणे हा वेळेचा अपव्यय नाही. त्यानंतर समुपदेशनासाठी, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेसाठी, बोलावणे आले की खुल्या गटाला तीस हजार आणि राखीव गटांना वीस हजार रुपये ठरलेल्या दिवसांत भरावे लागतात. ते नाही भरले तर मुलगा पूर्ण प्रक्रियेतूनच बाहेर जातो. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात ही रक्कम चार दिवसांत उभी राहत नाही. जागा मिळाली नाही तर ती परत मिळते, मिळाली तर विद्यापीठाच्या शुल्कात धरली जाते, हे पालकांना आधी सांगितले तर ते ऑगस्टपासून तरतूद करू शकतात. अर्जाचे चार हजार किंवा साडेतीन हजार रुपये वेगळे.

पसंतीक्रम लावताना एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: जे मिळण्यासारखे आहे ते वर लिहावे. हे साफ चूक आहे. यंत्रणा वरून खाली पाहत जाते आणि आपल्या क्रमांकाला मिळू शकणारी सर्वांत वरची पसंती देते. अवघड विद्यापीठ पहिल्या स्थानावर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. उलट सहज मिळणारे वर लिहिले, तर अधिक हवे असलेले मिळत असूनही मिळत नाही. मनात ज्या क्रमाने हवे आहे, त्याच क्रमाने लिहावे. जागा मिळाल्यावर तीन पर्याय असतात: फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, फ्लोट म्हणजे ही ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहणे, एक्झिट म्हणजे प्रक्रिया सोडणे. फ्लोटमध्ये वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, नंतर ती मागता येत नाही. आणि काहीच निवडले नाही तर ते एक्झिटसारखेच ठरते. पहिल्या फेऱ्या बारावीच्या अभ्यासाच्या ऐन दिवसांत येतात, म्हणून खात्यात रोज डोकावण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावे. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीतही पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते. तिथेही नुसते नाव भरायचे म्हणून पहिली पसंती लिहू नये.

पैशाचा विचार शेवटी येतो, यायला हवा आधी. विधी विद्यापीठात शुल्क, वसतिगृह, जेवण धरून वर्षाचा खर्च लाखांत जातो, पाच वर्षांचा हिशेब दहा लाखांच्या वर. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून चालते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ पासून काही वर्षे तिथे प्राचार्य होते, आणि तिथले शुल्क काही हजारांत आहे. १९२४ चे आयएलएसही नावाजलेले आहे. ज्या मुलाला जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात वकिली करायची आहे, त्याने कर्ज काढून दूरच्या नव्या विधी विद्यापीठात जाण्यापेक्षा या दोन महाविद्यालयांचा विचार आधी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपन्यांच्या किंवा मोठ्या लॉ फर्मच्या नोकऱ्या हव्या असतील तर जुन्या विधी विद्यापीठांचे पारडे जड आहे, हेही तितकेच खरे. मुलींसाठी आणखी एक गोष्ट: २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असला पाहिजे. कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत न थांबता व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेणाऱ्या मुली ही सवलत गमावतात.

आपल्या दैनिकाकडे आमची विनंती अशी. क्लॅटचा निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो सर्वत्र छापून येतात. त्याऐवजी किंवा त्यासोबत, जुलैच्या पहिल्या रविवारी जिल्हा आवृत्त्यांत एक चौकट द्यावी: क्लॅट आणि आयलेटच्या अर्जाची मुदत, लागणारे दाखले आणि ते कुठे मिळतात. जानेवारीत तशीच दुसरी चौकट एमएच सीईटीसाठी, आणि १ एप्रिलला तिसरी, नॉन-क्रीमीलेअर व दुर्बल घटकाच्या दाखल्यांच्या नूतनीकरणाची. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच जात पडताळणीचा अर्ज हातात द्यावा, आणि क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाने समुपदेशन शुल्क भरायला किमान पंधरा दिवस द्यावेत, या दोन मागण्याही आपण लावून धराव्यात. पहिली चौकट येत्या जुलैत छापून येणार असेल, तर तिचा मजकूर तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
कायद्याच्या प्रवेशांसाठी मार्गदर्शन करणारे काही प्राध्यापक व वकील